पुढचं दार, मागचं दार : अ‍ॅम्स्टरडॅम, मास्ट्रिख्ट, आखेन

मे 2025 मध्ये आम्ही दोघं नेदरलँड्सला भाच्याकडे जाऊन आलो. व्हिसा, विमान, विमा सगळं विनातक्रार झालं, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. ट्यूलिपच्या बागा आम्ही पोचलो त्याच आठवड्यात बंद होत होत्या, तेव्हा त्याचेही फोटो नाहीत. माझी नोकरी राज्य उत्पादन शुल्क खात्यात झाली. दारूचे परवाने, परमिट, सील, साठा नोंदवही यांत आयुष्य गेलं. त्यामुळे तिथली गांज्याची दुकानं बघायची मला जरा जास्तच हौस होती. हे म्हणाले, "लोक युरोपात म्युझियम बघतात, तू तिथेही इन्स्पेक्शन करणार." तर हे त्या इन्स्पेक्शनचं वर्णन आहे. म्युझियमही बघितली, पण त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

पहिला दिवस : अ‍ॅम्स्टलफेन

भाचा राहतो ते अ‍ॅम्स्टलफेन अ‍ॅम्स्टरडॅमला चिकटूनच आहे. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो तर तळ्याकाठच्या बाकावर दोन आज्या मराठीत सुनांबद्दल बोलत होत्या. पुढच्या वळणावर तेलुगू, त्यापुढे हिंदी. दुकानात कढीपत्ता मिळाला, नाचणीचं पीठही. परदेशात आल्यासारखं वाटायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागलं.

हवा मात्र अफाट. भाच्याने जाताना दोन छत्र्या आणि रेनकोट काढून ठेवले होते, ते तसेच राहिले. त्या वसंतात तिथे पाऊसच नव्हता. लोक ऑफिसमधून सुटले की कालव्याच्या कडेला पाय सोडून बसायचे आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असायचा. ह्यांना जेवायची वेळच कळेना.

*उपयोगी :* ट्राम, बस, रेल्वे सगळीकडे साधं काँटॅक्टलेस बँक कार्ड चालतं. चढताना टेकवायचं आणि उतरतानाही टेकवायचं. एका कार्डावर एकच माणूस, नवरा-बायकोने एक कार्ड दोनदा टेकवून चालत नाही. हॉटेलात उतरणार असाल तर अ‍ॅम्स्टरडॅमचा पर्यटक कर 12.5 टक्के आहे, तो धरून खोलीचा हिशेब करा.

दुसरा दिवस : डे वालन

सकाळी नऊला डे वालनमध्ये, म्हणजे अ‍ॅम्स्टरडॅमच्या त्या प्रसिद्ध लाल दिव्यांच्या वस्तीत शिरलो. त्या वेळी ती एखाद्या जुन्या पेठेसारखीच दिसते. जुनं चर्च, कालव्यावर छोटे पूल, सायकलवर मुलांना बसवून शाळेत सोडायला निघालेल्या आया. इथे माणसं राहतात, हे रात्री येणाऱ्यांना कळायला मार्ग नाही. काही घरांच्या दारांवर पाट्या होत्या : इथे लघवी करू नका, पायरीवर बसू नका, आम्ही झोपलोय.

गल्लीच्या तोंडाशी पालिकेची पाटी : इथे गांजा ओढायला बंदी. 25 मे 2023 पासून हा नियम आहे आणि दंड 100 युरो. दुकानातून घ्या, दुकानात बसून ओढा, पण रस्त्यावर नाही. गुरुवार ते रविवार दुपारी चारनंतर ह्या भागातल्या दुकानांतून बाटलीबंद दारूही विकत नाहीत. त्याच वर्षी पालिकेने ब्रिटनमधल्या 18 ते 35 वयाच्या पुरुषांसाठी खास जाहिरात काढली होती. दारू आणि ड्रग्ज घेऊन धिंगाणा घालायला येणार असाल तर येऊच नका, असा तिचा अर्थ. पाहुण्याला "येऊ नका" सांगण्यासाठी पैसे मोजणारं शहर मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

गांज्याचं दुकान, तिथे त्याला कॉफीशॉप म्हणतात, आतून बघायचंच होतं. भाचा लाजत होता. मावशी-काकांना घेऊन कॉफीशॉपात जायचं म्हणजे त्याच्या दृष्टीने फारच झालं. दारावरच्या पोराने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि तरी पासपोर्ट मागितला. मला ते आवडलं. नियम म्हणजे नियम. (अठरा वर्षं पुरी लागतात, आणि माझी झाली आहेत.)

आत लाकडी काउंटर, त्यावर एक छोटा डिजिटल काटा, मागे बरण्या. पोरगी चिमट्याने बरणीतून हिरवे तुरे उचलायची, काट्यावर ठेवायची, एखादा तुरा परत टाकायची, पुन्हा वजन. सोनाराकडे असतं तसं सगळं. टेबलावर वेगळ्या भांड्यात वाळवलेला कुठला तरी पाला होता. भाच्याने विचारून सांगितलं, की 2008 पासून बंद जागेत तंबाखू ओढायला बंदी आहे, त्यामुळे सिगारेटीत मिसळायला हा बिनतंबाखूचा पाला. म्हणजे गांजा चालतो, तंबाखू चालत नाही. दारू तर कॉफीशॉपात मिळतच नाही. शेजारच्या टेबलावर तीन इंग्रज पोरं होती. दोघं खिदळत होते आणि तिसऱ्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. पोरीने काही न विचारता त्याच्यासमोर साखरेचं सरबत आणून ठेवलं. रोजचंच असावं.

नियम मी जमवत गेले, ते असे. गांजा तिथे कायद्याने बंदच आहे. 1976 मध्ये अफूच्या कायद्यात बदल करून त्यांनी जहाल आणि सौम्य अशी वाटणी केली आणि सौम्य मालाकडे कानाडोळा करायचं लेखी धोरण ठरवलं. दुकानाने एका गिऱ्हाइकाला दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत विकायचं, दुकानात 500 ग्रॅमपेक्षा जास्त साठा ठेवायचा नाही, जाहिरात करायची नाही, जहाल माल ठेवायचा नाही, शेजाऱ्यांना त्रास द्यायचा नाही, अल्पवयीनांना आत घ्यायचं नाही. एवढं पाळलं की पोलीस काही म्हणत नाहीत.

मी भाच्याला विचारलं, "अरे, पण दुकानदार माल आणतो कुठून?"

"ते विचारायचं नाही, मावशी."

खरंच तसं आहे. विकायला मुभा, पण पिकवायला आणि दुकानाला पुरवायला मुभा नाही. पुढच्या दाराने गिऱ्हाईक राजरोस येतं आणि मागच्या दाराने माल चोरून. आमच्या खात्यात कोणी अशी फाइल पाठवली असती तर साहेबांनी तशीच परत केली असती.

आता पर्यटकांचं. 2013 पासून देशभरात नियम आहे, की कॉफीशॉपात फक्त नेदरलँड्समध्ये राहणाऱ्यांनाच प्रवेश. हो, देशभरात! मग मी आत कशी? तर अंमलबजावणी त्या त्या गावाने आपल्या परिस्थितीप्रमाणे करायची. अ‍ॅम्स्टरडॅम करत नाही. महापौर फेमके हाल्सेमा यांनी जानेवारी 2021 मध्ये तो इथेही लागू करायचा प्रस्ताव मांडला. शहरात 160 हून अधिक कॉफीशॉप आहेत, एवढी स्थानिकांसाठी लागतच नाहीत, ती पर्यटकांवर चालतात आणि त्यांच्या मागच्या दाराशी गुन्हेगारी पोसली जाते, असं त्यांचं म्हणणं. नगरपरिषदेच्या बहुमताला ते पटलं नाही. पर्यटक यायचे थांबणार नाहीत, ते गल्लीतल्या फेरीवाल्याकडून घेतील आणि तो गांज्याबरोबर दुसरंही काही देईल, असा विरोधकांचा मुद्दा. त्याआधी महापौरांनीच ह्या भागातल्या तरुण परदेशी पाहुण्यांची पाहणी करवली होती. दुकानांत प्रवेश बंद झाला तर कमी वेळा येऊ म्हणणारे 34 टक्के आणि अजिबात येणार नाही म्हणणारे 11 टक्के निघाले. उरलेल्यांचं काय करायचं, हा खरा प्रश्न.

त्याचं उत्तर रात्री पुलावर मिळालं. आम्ही तिघं रेलिंगला टेकून उभे असताना एकजण ह्यांच्या कानाशी येऊन कुजबुजला. दुकानं उघडी असताना ही गत. ह्यांना वाटलं तो पत्ता विचारतोय, म्हणून ह्यांनी मोबाइलवर नकाशा उघडून दाखवला. बिचारा वैतागून निघून गेला.

*उपयोगी :* नुसती कॉफी प्यायची असेल तर कॅफेत जा. केक, बिस्किट, चॉकलेट कॉफीशॉपातून घेऊन सहज म्हणून तोंडात टाकू नका. त्याचा अंमल तासाभराने चढतो, तोवर माणूस दुसरा तुकडा खाऊन बसतो. रस्त्यावर कोणी काही देऊ केलं तर थांबू नका, बोलू नका.

तिसरा दिवस : मास्ट्रिख्ट

शनिवार होता म्हणून भाचाही आला. अ‍ॅम्स्टरडॅमहून थेट गाडीने अडीच तासांच्या आसपास. सपाट देश शेवटच्या अर्ध्या तासात जरा उंचसखल होतो आणि आपण दुसऱ्याच मुलुखात आलो असं वाटतं. लोक हळू बोलतात, जेवायला वेळ लावतात. मास नदीवर जुना दगडी पूल, पलीकडे अरुंद गल्ल्या. तेराव्या शतकातल्या एका चर्चमध्ये आता पुस्तकांचं दुकान आहे. काळ्या पोलादी जिन्याने चढत कमानींच्या उंचीपर्यंत जायचं आणि तिथे उभं राहून पुस्तकं चाळायची. तासभर गेला. ह्यांनी खाली वेदीच्या जागी मांडलेल्या टेबलावर कॉफी घेतली आणि पेंगले.

मे महिना म्हणजे तिथे पांढऱ्या शतावरीच्या कोंबांचा हंगाम. अंगठ्याएवढे जाड कोंब उकडून, वर लोणी आणि उकडलेलं अंडं. हॉटेलवाल्याला अंडं चालेल पण हॅम नको हे समजावण्यात पाच मिनिटं गेली आणि मग त्याने ह्यांच्या ताटात कोंब चार जास्त वाढले. त्यानंतर फ्लाय, म्हणजे सारण भरून भाजलेला तिथला गोड पदार्थ. चेरीचा असतो, जर्दाळूचा असतो आणि भाताचाही असतो. दाट तांदळाची खीर पावाच्या पारीत भरून भाजलेली. आम्ही दुसरा तुकडा मागवला.

आता मुख्य काम. इथलं कॉफीशॉप बाहेरून अगदी सभ्य होतं. दारावर माणूस, आणि राहण्याचा पुरावा दाखवल्याशिवाय आत नाही. भाच्याने निवासाचं कार्ड काढलं. तो भारतीय पासपोर्टवाला, त्याला प्रवेश मिळाला. आमच्यापुढे एक बेल्जियन जोडपं होतं. सरहद्द तिथून काही किलोमीटरवर, त्यांची भाषाही डच. त्यांना मान हलवून परत पाठवलं. ते वाद न घालता गेले, बहुधा नशीब आजमावायला आले असावेत. मी आणि हे फुटपाथवर.

मला गुजरात आठवलं. तिथे दारूबंदी, पण बाहेरच्या राज्यातल्या पाहुण्याला परमिट मिळतं आणि अहमदाबादचा माणूस कोरडा. इथे बरोबर उलटं. दोन्हीकडे दारावर ओळखपत्रच बघतात.

भाचा पाच मिनिटांत बाहेर आला. काही घेतलं नाही, तो ओढत नाही. पण आत बघून आला ते महत्त्वाचं : "मावशी, इथे बरण्या नाहीत. सगळं सीलबंद पाकिटात. वर लेबल, कोणी पिकवलं, किती कडक आहे, सगळं छापलेलं."

सील म्हटल्यावर मी सरळ उभी राहिले. सरकारने दहा गावांत एक प्रयोग चालवलाय. परवानाधारक शेतकऱ्याने पिकवायचं, प्रत्येक पाकिटाचा माग ठेवायचा आणि तेच दुकानात विकायचं. डिसेंबर 2023 मध्ये टिलबर्ग आणि ब्रेडापासून सुरुवात झाली. 7 एप्रिल 2025 पासून प्रयोगातल्या गावांच्या कॉफीशॉपांत गांजा फक्त ह्या परवान्याचाच. मास्ट्रिख्ट त्या दहांत आहे, अ‍ॅम्स्टरडॅम नाही.

म्हणजे बघा. ज्या गावात माल शेतापासून काउंटरपर्यंत रीतसर आहे, तिथे पर्यटकाला दार बंद. जिथे माल कुठून येतो हे कोणी विचारायचं नाही, तिथे पर्यटकाचं स्वागत. कोणी मुद्दाम असं ठरवलेलं नाही, दोन धोरणं दोन वेगळ्या टेबलांवरून निघाली की असं होतं. मी नोकरीत हे पुष्कळ पाहिलंय.

नदीकाठी बाकावर एक आजोबा भेटले. इंग्रजी स्वच्छ, हातात कुत्र्याचा पट्टा, कुत्रा पाण्यात. पुण्याहून आलो आणि कॉफीशॉप बघितलं म्हटल्यावर ते इतके हसले की कुत्रा बाहेर आला. मग सांगू लागले. वीस वर्षांपूर्वी शनिवारी इथे बेल्जियमच्या, फ्रान्सच्या, जर्मनीच्या नंबरप्लेटांची रीघ लागायची. माणसं यायची, घ्यायची, गाडी वळवून जायची. गावात एक कप कॉफीही प्यायची नाहीत. पार्किंग मिळायचं नाही आणि हायवेवरून येणाऱ्या गाड्यांना गाठून आपल्याकडे वळवणारे दलाल असायचे.

पुढचा इतिहास मला भाच्याने आणि त्याच्या फोनने पुरवला. गावाने अनिवासींना बंदी घातली, तेव्हा इथले एक कॉफीशॉपमालक मार्क योसेमान्स कोर्टात गेले आणि प्रकरण युरोपच्या न्यायालयापर्यंत पोचलं. युरोपीय नागरिकांत भेदभाव करता येत नाही, असा त्यांचा दावा. डिसेंबर 2010 मध्ये निकाल विरोधात गेला. मुळात निषिद्ध असलेला माल विकणाऱ्याला मुक्त व्यापाराचा हक्क सांगता येत नाही. मात्र त्याच दुकानातल्या खाण्यापिण्याच्या बाबतीत तो सांगता येतो, पण ड्रग पर्यटनाला आळा घालायचा म्हणून तिथेही बंदी योग्य. थोडक्यात बेल्जियन माणसाच्या चहाच्या कपाचा न्यायालयाने वेगळा विचार केला! मे 2012 मध्ये दक्षिणेच्या तीन प्रांतांत सदस्यत्वाचं कार्ड सक्तीचं झालं, एका दुकानाला जास्तीत जास्त दोन हजार सदस्य. स्थानिकांनाच नाव नोंदवायचं नव्हतं, कोण उगाच सरकारी यादीत जाईल? दुकानं ओस पडली, रस्त्यावर विक्री वाढली आणि वर्ष संपायच्या आत कार्ड गेलं. रहिवाशाचा नियम तेवढा राहिला. सीमेवरची बर्गन ऑप झोम आणि रोझेंडाल ही गावं तर त्याआधीच, 2009 मध्ये, आपली सगळी कॉफीशॉप बंद करून मोकळी झाली होती.

आजोबांना विचारलं, बंदीने फरक पडला का? "गाड्या गेल्या," म्हणाले. "पोरं आली." म्हणजे पुलाखाली उभी राहून विकणारी पोरं. सुरुवातीला जास्त होती, आता कमी वाटतात. मग म्हणाले, तरी मला हे आवडतं, रात्री झोप लागते.

चंद्रपूर जिल्ह्यात 2015 ते 2021 दारूबंदी होती तेव्हा शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडे जाणारी वर्दळ आमच्या खात्यात सगळ्यांना ठाऊक होती. सीमेवरच्या गावाचं दुखणं वेगळंच असतं. गिऱ्हाईक शेजारच्या हद्दीतून येऊन तासाभरात परत जाणारं असलं तर दारावरचा पहारा उपयोगी पडतो, कारण त्याला दार बंद दिसलं की तो घरी जातो. मास्ट्रिख्टपुरती मला ही बंदी पटली. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये गिऱ्हाईक चार रात्रींचं हॉटेल भरून आलेलं असतं. ते परत जाणार नाही, ते पुलावरच्या माणसाला गाठेल. तिथे आधी मागचं दार नीट करावं, मग पुढच्या दाराचं बघावं. हे माझं खात्यातलं मत, महापौरांनी विचारलेलं नाही.

चौथा दिवस : तीन देशांचा डोंगर आणि आखेन

मास्ट्रिख्टहून 350 नंबरची बस जर्मनीतल्या आखेनला जाते. वाटेत फाल्स गावी उतरून टेकडीवर तीन देशांची हद्द मिळते तो दगड बघितला. उंची 322 मीटर, आणि हा नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवरचा सर्वांत उंच बिंदू. समुद्रसपाटीपासून मोजलं तर पुण्याचं स्टेशनच ह्याच्या वर आहे. ह्यांनी दगडाभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, प्रत्येक वेळी तीन देश.

आखेनकडे जाणाऱ्या पुढच्या बसमध्ये जर्मन पोलीस चढले आणि पासपोर्ट बघून गेले. शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, सीमेवर तपासणी नसते ही समजूत त्या वर्षी खोटी होती, मूळ पासपोर्ट जवळच ठेवा.

आखेनच्या गल्ल्यांतून मसालेदार बिस्किटांचा वास आणि कारंज्यापाशी गरम गंधकाच्या पाण्याचा वास, दोन्ही एकदम येतात. कॅथेड्रलमधल्या सोनेरी छताखाली सम्राट शार्लमेनचं दगडी आसन आहे. अगदी साधं, चार पाट जोडल्यासारखं.

जर्मनीने 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना 25 ग्रॅम जवळ बाळगायला आणि घरी तीन झाडं लावायला मोकळीक दिली. म्हणून मी इथे दुकान शोधत होते. दुकान नाहीच. मंडळं आहेत, सदस्यांनी मिळून पिकवायचं आणि सदस्यांतच वाटायचं. सदस्य व्हायला जर्मनीत किमान सहा महिने वास्तव्य हवं. जाहिरातीला बंदी, मंडळाच्या जागेत ओढायलाही बंदी. शेजाऱ्यांची पन्नास वर्षांची डोकेदुखी बघून जर्मनांनी पर्यटकाला पहिल्या दिवसापासूनच बाहेर ठेवलं, असं मला वाटलं. पादचारी रस्त्यांवर सकाळी सात ते रात्री आठ ओढायला मनाई, तीही नियमात लिहिलेली. आम्ही दुपारभर फिरलो, कुठे वास आला नाही.

*उपयोगी :* एका देशात चालतं म्हणून तोळाभरही सीमेपलीकडे नेता येत नाही, जर्मनीतून हॉलंडात नाही आणि उलटही नाही.

शेवटचा दिवस : रोटी आणि बॅगा

अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जेवायला भाच्याने सुरिनामी खानावळीत नेलं. सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली जुनी डच वसाहत. मालकीणबाईंचे पणजोबा बिहारमधून ऊसमळ्यावर गेलेले. त्या बोलतात ती बोली मला ऐंशी टक्के कळली, माझी हिंदी त्यांना बहुधा साठ. मोठी मऊ रोटी, आत वाटलेली चणाडाळ, सोबत बटाटा, चवळीच्या शेंगा आणि अंड्याचा रस्सा. उडीदडाळीचा बारा म्हणजे आपल्या वड्याचा थोरला भाऊ. आम्ही कुठे कुठे गेलो ते ऐकून बाईंनी कपाळावर हात मारला. त्यांच्या मते बंदी गांज्यावर नको, चाकं लावलेल्या बॅगांवर हवी. पहाटे चारला खिडकीखालून दगडी रस्त्यावर त्या बॅगा जातात आणि तो खडखडाट गांज्यापेक्षा वाईट.

रात्री सामान भरताना भाचेसुनेने आमची बॅग तपासली. तिला काकांचा स्वभाव माहीत आहे. गांज्याचं पान छापलेले फ्रिजवरचे चार चुंबक राहू दिले. स्मरणवस्तूंच्या दुकानातून नातवंडांसाठी घेतलेले हिरव्या पानाचे लॉलीपॉप काढून टेबलावर ठेवले.

"अगं, त्यात काही नसतं, दुकानदारच म्हणाला," हे म्हणाले.

"काका, मुंबईत कस्टमवाल्याला ते तुम्ही समजावणार का?"

आपल्याकडे 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांविरुद्धचा कायदा आहे. भांगेचं नुसतं पान त्याच्या व्याख्येतून सुटतं, पण गांजा आणि चरस नाही, आणि पाकिटावरच्या चित्रावरून कोणाला काय वाटेल ह्याची हमी कोण देणार? ह्यांनी एक लॉलीपॉप तिथेच फोडून खाल्लं. गोड होतं, म्हणाले, गवतासारखा वास. बाकीचे भाच्याच्या ऑफिसात वाटले गेले आणि बॅगेतल्या त्या जागी मी फ्लायचा डबा बसवला. चेरीचा, भाताचा टिकत नाही.